सहकारी बँकेचा अहवाल मागून वाचा : नव्या सभासदांसाठी आणि ठेवीदारांसाठी

ऑगस्ट-सप्टेंबरात नागरी सहकारी बँकांचे वार्षिक अहवाल घरोघरी येतात. मुखपृष्ठावर मुख्य कार्यालयाचा फोटो, आत संचालकांचे फोटो, मग 'ऑडिट वर्ग अ', 'विक्रमी नफा' आणि 'लाभांश १० टक्के'. बहुतेक सभासद लाभांशापर्यंत वाचतात आणि पुस्तिका रद्दीत टाकतात. ज्यांनी नुकतेच भाग घेतले आहेत, ज्यांची बऱ्यापैकी ठेव तिथे आहे किंवा जे बँकेत नुकतेच नोकरीला लागले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. बेरीज, वजाबाकी आणि टक्केवारी एवढे गणित पुरते.

माझे म्हणणे एकच आहे. आधी जोखीम बघा, मग कार्यक्षमता, आणि नफा सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने वाचणारा बहुधा फसतो, कारण जोखीम घेतली की नफा लगेच दिसतो आणि नुकसान दोन-तीन वर्षांनी.

पायरी १ : काय काय हाताशी ठेवायचे

यंदाचा अहवाल आणि गेल्या वर्षीचा. एका वर्षाच्या आकड्यावरून काही कळत नाही. पुस्तिकेत ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, वैधानिक लेखापरीक्षकांचा अहवाल आणि हिशेबावरच्या टिपा असतात. टिपा शेवटी बारीक अक्षरात छापतात. सुरुवात तिथूनच करा. भांडवल पर्याप्तता, अनुत्पादित (म्हणजे थकलेल्या) कर्जांची वर्षभरातली वाढ-घट, सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे किती रक्कम आहे, सर्वांत मोठ्या वीस ठेवीदारांची किती आहे, रिझर्व्ह बँकेने दंड केला का, ठेव विम्याचा हप्ता वेळेवर भरला का, हे सगळे तिथे द्यावे लागते. अध्यक्षांचे मनोगत नंतर सवडीने वाचा.

पायरी २ : एक नमुना बँक

पुढचे हिशेब करायला एक काल्पनिक बँक घेऊ. आकडे कोटींत.

ठेवी ४००, भागभांडवल १२, राखीव व इतर निधी ३८, इतर देणी १०. एकूण ४६०.
कर्जे २६०, गुंतवणूक १४०, रोख व बँकांतील शिल्लक ३०, इतर मालमत्ता ३०. एकूण ४६०.
मिळालेले व्याज ३५.८, दिलेले व्याज २२, इतर उत्पन्न २.२, चालू खर्च ११.२ (त्यात पगार ६.४), तरतुदी (संभाव्य नुकसानीसाठी बाजूला काढलेली रक्कम) २, कर ०.७, निव्वळ नफा २.१.
ढोबळ एनपीए (थकलेली कर्जे, व्याख्या पुढच्या पायरीत) १८.२, त्यासाठी आजवर केलेली तरतूद १०.४.

असे आकडे महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडतील. तुमच्या बँकेचे आकडे शेजारी लिहून घ्या.

पायरी ३ : थकबाकी

कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकले की ते खाते अनुत्पादित, म्हणजे एनपीए. त्यानंतर बँकेला त्यावरचे न मिळालेले व्याज उत्पन्नात धरता येत नाही आणि नफ्यातून तरतूद करावी लागते. नागरी बँकांत पहिल्या १२ महिन्यांत १० टक्के. त्यानंतर खाते संशयित वर्गात जाते. तारणाने झाकलेल्या भागावर पहिल्या वर्षी २० टक्के, मग ३०, आणि तीन वर्षांनी पूर्ण १००. ज्या रकमेला तारण नाही, तिच्यावर संशयित होताच १०० टक्के. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपल्या बँकेचा ढोबळ एनपीए १८.२ भागिले २६०, म्हणजे ७ टक्के. निव्वळ एनपीए काढताना वरून आणि खालून दोन्हीकडून तरतूद वजा करायची : ७.८ भागिले २४९.६, म्हणजे ३.१ टक्के. रिझर्व्ह बँकेने नागरी बँकेला 'आर्थिकदृष्ट्या सक्षम व सुव्यवस्थापित' म्हणण्यासाठी २०२२ मध्ये जे निकष घातले, त्यांत निव्वळ एनपीए ३ टक्क्यांच्या आत हवा होता. म्हणजे ही बँक उंबरठ्यावर अडखळते आहे. अहवालात मात्र 'निव्वळ एनपीए नियंत्रणात' असे ठळक छापलेले असू शकते.

निव्वळ एनपीए शून्य दिसला तर खूश व्हा, पण ढोबळही बघा. ढोबळ १० टक्के आणि निव्वळ शून्य याचा अर्थ बँकेने तरतूद भरपूर केली, हे चांगलेच. पण दहातले एक रुपयाचे कर्ज थकले, हेही तितकेच खरे. कर्ज देताना कोणी काय पाहिले, हा प्रश्न उरतोच.

पायरी ४ : उशी किती जाड आहे

नुकसान झाले तर आधी बँकेच्या स्वतःच्या पैशातून जाते, ठेवीदारांच्या नाही. तो स्वतःचा पैसा जोखमीच्या मानाने किती, हे भांडवल पर्याप्तता प्रमाण सांगते. अहवालात त्याला सीआरएआर लिहितात. प्रत्येक मालमत्तेला जोखमीनुसार भार असतो : हातातल्या रोकडीला शून्य, बहुतेक साध्या कर्जांना १०० टक्के. आपल्या नमुना बँकेची भारित मालमत्ता २७० आणि ग्राह्य भांडवल ३८ धरले तर प्रमाण १४ टक्के येते. एकूण स्वनिधी ५० असताना ग्राह्य ३८ च का? मुख्यतः कारण असे, की ओळखलेल्या बुडीत कर्जांसाठी बाजूला काढलेला पैसा भांडवल म्हणून मोजता येत नाही.

किमान किती हवे ते बँकेच्या आकारावर ठरते. २०२२ पासून नागरी बँकांचे चार स्तर आहेत. १०० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या बँका, तसेच एकाच शाखेच्या आणि पगारदारांच्या बँका पहिल्या स्तरात. १०० ते १,००० कोटी दुसरा, १०,००० कोटींपर्यंत तिसरा, त्यावर चौथा. पहिल्या स्तराला ९ टक्के पुरतात. बाकीच्यांना १२ टक्के लागतात आणि तिथे पोहोचायला त्यांना मार्च २०२६ पर्यंतची मुदत टप्प्याटप्प्याने दिली होती. आपली बँक दुसऱ्या स्तरातली, १४ टक्क्यांवर. ठीक आहे.

पायरी ५ : दोन कर्जदारांचा प्रयोग

इथे थोडे थांबा. ताळेबंद आजचा फोटो दाखवतो, जोखीम उद्याची असते. म्हणून स्वतःलाच एक प्रश्न विचारायचा : सर्वांत मोठे दोन कर्जदार थकले तर?

नागरी बँकेला एका कर्जदाराला टिअर-१ भांडवलाच्या (म्हणजे बँकेच्या मूळ, सर्वांत भक्कम भांडवलाच्या; वरच्या स्तरांशी याचा संबंध नाही) १५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. ते ३५ कोटी धरले तर मर्यादा सव्वापाच कोटी. म्हणजे पाच-पाच कोटींची दोन खाती नियमात बसतात. एक बिल्डर, एक जिनिंग मिल म्हणू. दोघेही एकाच वर्षी अडकले.

ढोबळ एनपीए १८.२ वरून २८.२ झाला, म्हणजे १०.८ टक्के. १० टक्के तरतूद केली, एक कोटी. निव्वळ एनपीए आता १६.८ भागिले २४८.६, म्हणजे ६.८ टक्के. १ एप्रिल २०२५ पासून दुसऱ्या स्तरापासून वरच्या नागरी बँकांना 'त्वरित सुधारात्मक कारवाई'ची चौकट (कमकुवत होत चाललेल्या बँकेवर रिझर्व्ह बँक घालते ती बंधने) लागू आहे आणि तिचा पहिला उंबरठा निव्वळ एनपीए ६ टक्के हा आहे. फक्त दोन खात्यांनी बँक त्या चौकटीत गेली. काल ३.१ वर होती.

नफ्याचे काय? तरतुदीचा एक कोटी आणि दहा कोटींवरचे बुडालेले वार्षिक व्याज सुमारे एक कोटी. करापूर्वीचा नफा २.८ होता, तो ०.८ राहिला. पण 'बँक नफ्यात' हे वाक्य त्या वर्षीही छापता येईल.

खरा फटका पुढच्या वर्षी. खाती संशयित वर्गात गेली. गहाण जमिनीचे नव्याने मूल्यांकन केले तर दहा कोटींसमोर सहाच कोटींचे तारण निघाले. उघड्या चार कोटींवर १०० टक्के, झाकलेल्या सहांवर २० टक्के, मिळून ५.२ कोटी. आधीचा एक वजा जाता ४.२ कोटी याच वर्षी काढायचे. तरतुदींपूर्वीचा नफा ३.८ आणि नेहमीच्या तरतुदी दोन. हातात राहिले १.८. म्हणजे २.४ कोटींचा तोटा.

हा प्रयोग तुमच्या बँकेवर करायचा तर टिपांमधला 'वीस मोठे कर्जदार' हा आकडा घ्या. एकूण कर्जांच्या पाच-दहा टक्के असेल तर जोखीम विखुरलेली आहे. तीस-चाळीस टक्के असेल तर बँकेचे भवितव्य वीस माणसांच्या धंद्यावर टांगलेले आहे. सोनेतारण, पगारतारण आणि छोटी घरकर्जे जास्त असलेली बँक दिसायला कंटाळवाणी असते. माझा पैसा मी कंटाळवाण्या बँकेत ठेवीन.

पायरी ६ : आता कार्यक्षमता

व्याजातला फरक १३.८ आणि इतर उत्पन्न २.२, मिळून १६ कोटी. हे कमवायला चालू खर्च ११.२. म्हणजे एक रुपया कमवायला सत्तर पैसे खर्च. हे खर्च-उत्पन्न प्रमाण. मोठ्या खासगी बँकांचे चाळीस-पन्नाशीच्या घरात असते. पण तालुक्याच्या बँकेची तुलना त्यांच्याशी करू नका. आपल्याच आकाराच्या दोन-तीन बँकांचे अहवाल मिळवा, शेजारच्या गावातल्या चालतील.

एकूण मालमत्तेवरचा नफा २.१ भागिले ४६०, म्हणजे ०.४६ टक्के. ठेवींचा खर्च २२ भागिले ४००, साडेपाच टक्के. कर्ज-ठेव प्रमाण ६५ टक्के. 'प्रति कर्मचारी व्यवसाय' बँका मोठ्या अभिमानाने छापतात, म्हणजे ठेवी अधिक कर्जे भागिले कर्मचारी. मला हा आकडा फारसा उपयोगाचा वाटत नाही. थकलेले कर्जही त्यात 'व्यवसाय' म्हणून मोजले जाते.

आणि खर्च कमी म्हणजे बँक कार्यक्षम, असे धरू नका. एक उदाहरण बघा. व्यापाऱ्याला कॅश क्रेडिट दिले की तो दर महिन्याला मालाचे पत्रक बँकेला देतो : गोदामात इतका माल, इतकी येणी, इतकी देणी. त्यावरून उचल किती द्यायची ते ठरते. शाखेतल्या कोणीतरी अधूनमधून गोदामात जाऊन पोती मोजायची असतात. माणसे कमी केली की पहिले बंद होते ते हे जाणे. पत्रके येत राहतात, फायलीला लागत राहतात. फाईल उघडली तर जूनचा आणि ऑक्टोबरचा माल पोत्यापोत्याला सारखा, सही तीच, शाईसुद्धा तीच. खर्च-उत्पन्न प्रमाण त्या वर्षी सुधारलेले दिसते. एनपीए दोन वर्षांनी वाढतो आणि तोवर शाखाधिकारी बदललेला असतो.

याच कारणाने अभ्यासकांनी एकाच गुणोत्तरावर भरवसा ठेवणे कधीच सोडले. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या तिघांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत, जिला डीईए (डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस) म्हणतात, प्रत्येक शाखेने किती माणसे, जागा आणि पैसा वापरला आणि त्यातून किती काम काढले हे एकत्र तोलतात. १९८५ मध्ये शर्मन आणि गोल्ड यांनी ती बँकेच्या शाखांवर वापरून दाखवली. पुढच्या अभ्यासकांनी थकीत कर्ज हेही शाखेचे 'उत्पादन' मानले, फक्त नको असलेले. सभासदाला एवढे करायची गरज नाही. खर्च-उत्पन्न प्रमाण आणि ढोबळ एनपीए एकाच ओळीत, तीन वर्षांचे, एवढे लिहिले तरी पुरे. पहिले घसरते आहे आणि दुसरे वाढते आहे असे दिसले की सावध व्हा.

इतर उत्पन्नाचे तपशीलही उघडून बघा. रोखे विकून झालेला नफा किंवा जुनी इमारत विकून आलेले पैसे पुढच्या वर्षी नसतात. विमा विक्रीचे कमिशन दरवर्षी येते, पण ते आणण्यासाठी काउंटरवर येणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांना एफडीऐवजी पॉलिसी तर गळ्यात मारली जात नाही ना, हे परिशिष्टात लिहिलेले नसते. ते शाखेत अर्धा तास बसले की कळते.

पायरी ७ : आकडे खरे आहेत का

आतापर्यंतचे सगळे गणित एका गृहीतावर उभे आहे : बँकेने थकबाकी प्रामाणिकपणे दाखवली. मुंबईच्या पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेने मार्च २०१९ चा निव्वळ एनपीए २.१९ टक्के आणि भांडवल पर्याप्तता १२.६२ टक्के दाखवली होती. दोन्ही आकडे आपल्या नमुना बँकेसारखेच, साधारण बरे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, सुरुवातीला खातेदाराला जेमतेम एक हजार रुपये काढता येत होते. मग बाहेर आले की दिलेल्या कर्जांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास एकाच बांधकाम समूहाकडे होते, आणि पोलिसांकडच्या तक्रारीनुसार ते लपवायला एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती वापरली होती. २०२२ च्या जानेवारीत बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांचे पैसे दहा वर्षांपर्यंत हप्त्याहप्त्याने द्यायची योजना ठरली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत तर कर्ज नव्हे, तिजोरीतली रोकडच सुमारे १२२ कोटींनी कमी असल्याचे प्रकरण उघडकीला आले. ताळेबंदातली 'हातातील रोख' ही ओळ कोणी वाचत नाही. जोखीमभार शून्य ना तिला.

लपवाछपवी बाहेरून पकडणे अवघड, पण काही खुणा असतात. येणे व्याज कर्जांच्या मानाने वेगाने वाढते आहे. हातातील रोकड शाखांच्या संख्येला शोभत नाही. मार्चअखेर एनपीए झपकन कमी होतो, आणि तेवढ्यातच नवी मोठी कर्जे दिसतात. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत एनपीए जास्त निघाला आणि तफावत ठराविक मर्यादेपलीकडची असेल तर ती टिपांत छापावी लागते, ती शोधा. लेखापरीक्षकांच्या अहवालात 'आमच्या मते… वगळता' अशी शब्दयोजना आली तर ते पान दोनदा वाचा. आणि शेजारच्या चांगल्या बँकांपेक्षा ठेवीचा दर एक-दीड टक्का जास्त असेल तर तुमच्या पैशांची इतकी निकड कशासाठी, ते विचारा.

पायरी ८ : विमा कंपनी

बँकेच्या काउंटरवर विमाही विकला जातो, म्हणून विमा कंपनीचे आकडेही वाचता यायला हवेत. बँक पैसे आधी देते आणि परत येतील की नाही याची काळजी करते. विमा कंपनी पैसे आधी घेते आणि किती परत द्यावे लागतील याची. म्हणून तिचे आकडे वेगळे. ते कंपनीच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला आणि आयआरडीएआय या विमा नियामकाच्या वार्षिक अहवालात मिळतात.

साधारण विम्यात, म्हणजे गाडी, आरोग्य, आग यांत, कार्यक्षमता आणि जोखीम एकाच आकड्यात उतरतात : एकत्रित प्रमाण. १०० रुपये हप्ता आला, ७२ दाव्यांत गेले, १५ कमिशनमध्ये, १८ ऑफिस खर्चात. झाले १०५. म्हणजे मूळ धंद्यात पाच रुपये तोटा, तो गुंतवणुकीच्या उत्पन्नातून भरायचा. शंभराच्या वर वर्षानुवर्षे राहणारी कंपनी बाजाराच्या कृपेवर जगते.

त्यासोबत सॉल्व्हन्सी प्रमाण बघा. ते किमान १.५ हवे. हे बँकेच्या भांडवल पर्याप्ततेचे भावंड. नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या तिन्ही सरकारी कंपन्या गेली काही वर्षे या रेषेखाली आहेत. मागे सरकार उभे असल्याने दावे दिले जातात, खासगी कंपनीला ही सवलत नसते. एकाच दिवशी हजारो दावे आले तर? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत नेमके हेच झाले. अशा दिवसासाठी विमा कंपन्या आपली जोखीम पुनर्विमा कंपन्यांकडे वाटून ठेवतात.

आरोग्य विमा घेताना एजंट 'क्लेम सेटलमेंट रेशो ९९ टक्के' म्हणेल. तो दाव्यांच्या संख्येवर असतो. हजारातले नऊशे नव्वद छोटे दावे दिले आणि दहा मोठे नाकारले, तरी ९९ च. त्यापेक्षा हप्त्यातले किती पैसे दाव्यांत गेले ते विचारा. निव्वळ आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांत ते अलीकडे शंभरातले साठ-सत्तरच्या घरात राहिले आहे, सरकारी कंपन्यांत शंभराच्या आसपास. साठ म्हणजे कंपनी चिक्कू, शंभर म्हणजे पुढच्या नूतनीकरणाला हप्ता वाढणार. मधली कंपनी शोधा. आयुर्विम्यात दावा-प्रमाण रकमेवर आहे की संख्येवर ते तपासा, आणि पाचव्या वर्षी किती टक्के पॉलिसी चालू राहतात ते बघा. निम्म्याहून जास्त लोकांनी हप्ता बंद केला असेल तर पॉलिसी विकताना काय सांगितले होते, याचा अंदाज येतो.

पायरी ९ : स्वतःची जोखीम आणि सभेतला प्रश्न

बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ मुद्दल आणि व्याज मिळून प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत देते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची, त्याआधी १९९३ पासून ती १ लाख होती. एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे ठेवले तरी मर्यादा एकच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत हे पैसे मिळायची सोय झाली. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना २०२२ मध्ये रद्द झाला. तेवढी वर्षे थांबण्याची वेळ आता येऊ नये. भागभांडवलाला मात्र हे संरक्षण नाही, आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तर मुळीच नाही. पाटीवर 'बँक' हा शब्द आहे का, ते आधी वाचा.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते. प्रश्न लेखी आणि किती दिवस आधी द्यायचे, ते सभेच्या नोटिशीत असते. तोंडी विचारायचे तर 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' येईपर्यंत मागच्या रांगा जेवणाकडे वळलेल्या असतात. म्हणून लेखीच द्या आणि पोच घ्या. मजकूर साधा चालतो :

"अहवाल सालात ढोबळ एनपीएमध्ये नव्याने किती रकमेची भर पडली? त्यातील सर्वांत मोठ्या पाच खात्यांची एकत्रित रक्कम किती? त्यांच्या तारणाचे शेवटचे मूल्यांकन कोणत्या वर्षी झाले? कर्जदारांची नावे नकोत, फक्त आकडे द्यावेत."